माफी कोणाला, कौल कोणाला?

बांगलादेशातून चोरवाटेने आलेल्या माणसांचे काय करायचे, हा वाद आता दिल्ली-मुंबईपुरता राहिलेला नाही. तो एसटीच्या थांब्यावर आला, सलूनच्या बाकावर आला, दूध डेअरीच्या रांगेतही आला. वाद घालणारांचे दोन तट सरळ पडतात. एक तट म्हणतो, गाडीत घाला आणि सीमेपलीकडे नेऊन सोडा, विषय संपला. दुसरा म्हणतो, पोटामागे आलेली माणसे आहेत, वर्षानुवर्षे इथे राबताहेत, एकदाची माफी द्या आणि कागद करून टाका. आवाज दोन्हीकडे मोठा आहे, माहिती दोन्हीकडे बेताची.

तुम्ही म्हणाल, खत-बियाणे, पाणी-वीज आणि बाजारभावाच्या या पानावर परदेशी लोकांचे प्रकरण कशाला? तर ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात पोलिसांनी एका झटक्यात २१ बांगलादेशी पकडले, ते काही पुण्याच्या कॅम्पात नव्हते. ते सापडले शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारी, कारेगावात. एमआयडीसी आली तशा शिवारात चाळी उभ्या राहिल्या, खोल्या भाड्याने गेल्या, आणि भाडेकरू कुठला हे विचारायची पद्धतच पडली नाही. भाडे महिन्याच्या महिन्याला मिळाले की आपण कोणाचे गाव विचारतो? बांधकामाचा स्लॅब असो, वीटभट्टी असो की कारखान्यातली हमाली, ठेकेदार माणसे आणतो आणि आपण डोकी मोजून घेतो. तेव्हा हे प्रकरण आपल्या वेशीच्या आत आलेले आहे.

तरीही या साऱ्या वादात एका ठिकाणाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. ते ठिकाण म्हणजे पुण्याची बुधवार पेठ.

जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला बुधवार पेठ अनोळखी नाही. दगडूशेठचे दर्शन तिथे, तांबडी जोगेश्वरी तिथे. पोराच्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक गाठायचा, विजेचे सामान रास्त भावात हवे असेल तर तपकीर गल्ली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडे वाडाही याच पेठेतला. दाणे आळी आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांचे नाव मात्र घरात कोणी घेत नाही. घेतलेच तर पुरुष माणसे हसून घेतात. त्या गल्ल्यांत बायका कुठून कुठून आल्या हे पाहिले, तर दुष्काळाचा आणि गरिबीचा नकाशाच हाती लागतो. सीमाभागातून देवाला सोडलेल्या मुली आल्या. मराठवाड्यातून, कर्नाटक-आंध्रच्या कोरडवाहू पट्ट्यातून आल्या, नेपाळातून आल्या. गेल्या काही दशकांत पश्चिम बंगाल आणि त्याला लागून असलेल्या बांगलादेशातून येणाऱ्यांची त्यात भर पडली.

वाट साधारण ठरलेली असते. जेसोर, सातखिरा हे बांगलादेशाचे सीमेवरचे जिल्हे, खुलना त्यांना लागून. तिथल्या एखाद्या गावात ओळखीचा माणूस येतो. बऱ्याचदा तो नात्यातलाच असतो, किंवा लग्न करतो म्हणणारा. हिंदुस्थानात ब्यूटी पार्लरमध्ये काम आहे, शिवणकाम आहे, मोठ्या घरात मुले सांभाळायची आहेत, असे सांगतो. रात्री दलाल नदी किंवा शेत ओलांडून अलीकडे बोनगाव-बशीरहाटच्या बाजूला आणतात. तिथून कोलकाता. हावड्याहून पुण्याला थेट गाडी आहे. पुण्यात उतरल्यावर त्या मुलीला कळते की पार्लर नाही, शिवणयंत्र नाही. तिचे पैसे कोणीतरी आधीच घेतलेले आहेत आणि ते फिटेपर्यंत तिने इथून हलायचे नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगायला नको. मुकादमाची उचल कशी असते, हंगाम संपला तरी ती कशी उरतेच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत कोयता का लावावा लागतो, हे बारामती-इंदापूरकडच्या कोणालाही विचारा. बुधवार पेठेतली घरवाली तसाच हिशेब ठेवते. खोलीचे भाडे, जेवण, औषधपाणी, पोलिसांचे, सगळे तिच्या नावावर चढते. फरक एवढाच की ऊसतोड्याने उचल स्वतःच्या हाताने घेतलेली असते. या पोरीने आपली उचल डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नसते.

मग काही महिन्यांनी छापा पडतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते: बुधवार पेठेत इतक्या बांगलादेशी महिला ताब्यात. बातमी वाचून पहिल्या तटाला बरे वाटते. पण बातमी जरा सावकाश वाचा. तिच्यात आकडा असतो, वय असते, बनावट आधार कार्डाचा उल्लेख असतो. आणणाऱ्या माणसाचे नाव फार वेळा नसते. विकत घेणारीचे कधी असते, कधी नसते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’खाली, सोडवलेली बाई पीडित. ती परदेशी निघाली की परकी नागरिक कायद्याखाली तीच बाई आरोपी. सकाळी सुटका आणि संध्याकाळी अटक. असला चमत्कार आपल्या कायद्यातच होऊ शकतो.

खरे म्हणजे असे व्हायला नको, हे दिल्लीने केव्हाच लिहून ठेवले आहे. केंद्रीय गृहखात्याने १ मे २०१२ रोजी सर्व राज्यांना पत्र पाठवले होते. परदेशी बाई किंवा मूल पासपोर्टाविना सापडले आणि तपासात ते माणसांच्या व्यापाराचे बळी आहेत असे दिसले, तर त्यांच्यावर परकी नागरिक कायद्याचा खटला चालवू नये, त्यांना त्यांच्या देशी परत पाठवण्याची व्यवस्था करावी, असा त्याचा मतलब. पुढे जून २०१५ मध्ये पंतप्रधान ढाक्याला गेले तेव्हा याच व्यापाराला आळा घालण्याचा करार दोन्ही देशांनी केला. म्हणजे पत्र आहे आणि करारही आहे. पण तपासात ‘बळी’ ठरवायला तपास करावा लागतो. दलालाच्या मागे पार बंगालपर्यंत जावे लागते. त्यापेक्षा पासपोर्ट नाही एवढे सिद्ध करणे सोपे, कारण आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता. सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. बिनपासपोर्टाने आत येणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच लाख! सातखिऱ्याच्या त्या पोरीला हा आकडा वाचून दाखवा.

शिक्षा भोगून झाली तरी सुटका नाही. ती बांगलादेशी आहे हे बांगलादेशाने मान्य करायला हवे. त्यासाठी नाव-पत्ता पलीकडे जातो, तिथला पोलीस गावात चौकशी करतो, कागद परत येतो. महिने जातात. तोवर ती सुधारगृहात. नाव खोटे सांगितले असेल, आणि दलालाने बहुधा तसेच पढवलेले असते, तर आणखी महिने.

आता माफीच्या गोष्टीकडे येऊ. पहिला तट ठासून सांगतो की कायदा मोडणाराला माफी देण्याची रीत आपल्या देशात नाही. वाचकहो, हे साफ चूक आहे. आपला देश माफ्यांवर माफ्या देत आलेला आहे, फक्त तिला माफी म्हणत नाही. १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार घ्या. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले नागरिक ठरले. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे नोंदवून घ्यायची आणि मतदानाचा हक्क दहा वर्षांनी द्यायचा, असे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. डिसेंबर २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा घ्या. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना ‘बेकायदा’ म्हणायचे नाही, हे त्याचे सार. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा कायदा लागू झाला त्याच दिवशी निघालेल्या आदेशाने याच समाजातल्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आश्रयाला आलेल्यांना बिनपासपोर्टाच्या खटल्यातून सूट दिली. हे बरोबर की चूक, धर्म पाहून माफी द्यावी की नाही, यावर देशात मोठा वाद झाला आहे आणि मला स्वतःला ती विभागणी पटत नाही. पण माफी दिली गेली एवढे तरी कबूल करावे लागेल. मग प्रश्न उरतो तो कोणाला आणि कशाच्या बदल्यात, एवढाच.

आणि परदेशी लोकांचेच कशाला बोलता? आपल्या गावात ‘नियमित करणे’ हा शब्द कोणाला माहीत नाही? झोपडपट्टीची तारीख १ जानेवारी १९९५ होती, ती २००० झाली, पुढे पैसे भरून २०११ पर्यंत आली. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, तारीख १ जानेवारी २००१. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० वर जाऊन बसली. गायरानावरच्या घरांचे तेच. अतिक्रमण करणाराला ठाऊक असते की आज नोटीस आली तरी उद्या तारीख पुढे सरकणार. पहिल्या तटाची भीती इथून येते आणि ती भीती खोटी नाही. एकदा माफी दिली की पुढच्या माफीच्या आशेने माणसे येत राहतात.

अमेरिकेत नेमके हेच झाले. १९८६ मध्ये रेगन अध्यक्ष असताना तिथे मोठी माफी दिली गेली. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना राहण्याचा परवाना, आणि त्यात शेतमजुरांसाठी वेगळे कलम. फळे-भाजीच्या शेतात ठरावीक वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दाखवला तरी चाले. दाखला देणार कोण? तर शेतमालक, ठेकेदार, मुकादम. आपल्याकडचा रोजगार हमीचा हजेरीपट पाहिलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. खोट्या दाखल्यांचा सुकाळ झाला. एकूण सत्तावीस लाखांच्या घरात माणसे कायदेशीर झाली, त्यांत शेतमजूरच अकरा लाखांच्या आसपास. बिनपरवाना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला दंड, ही त्याच कायद्याची दुसरी बाजू होती. ती मात्र ढिली पडली. मालकाने कागद पाहिल्यासारखे करायचे, मजुराने बनावट कागद दाखवायचा, दोघांचे भागले. माफी संपल्यावर लोक येत राहिले आणि आज तिथे बिनकागदाची माणसे एक कोटीहून अधिक आहेत. म्हणजे माफीने घात केला असे नाही, माफीबरोबर मालकाच्या गळ्यात बांधायची घंटा बांधलीच नाही.

त्या एक कोटीत आपलेही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या. पंजाब, हरियाणा, गुजरातचे जास्त. तिघे महाराष्ट्राचे. तेव्हा आपण काय म्हणालो? गुन्हेगारासारखे का आणले, पोटासाठीच गेले होते ना, दलालाने फसवले, जमीन विकून पैसे दिले होते. सगळे खरे होते. आखातात तर आपली माणसे माफीच्या मुदतीची वाट पाहत असतात. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुदत दिली. व्हिसा संपून गेलेल्यांनी दंड न भरता कागद नीट करावेत किंवा निघून जावे. आपल्या दुबईच्या वकिलातीने मदतीला माणसे बसवली. कोकणातल्या किती घरांत त्या मुदतीने दिवा लागला असेल. आपला पोरगा परक्या देशात बिनकागदाचा राहिला की तो ‘अडकलेला’, आणि दुसऱ्याची पोरगी आपल्याकडे राहिली की ती ‘घुसलेली’. शब्दांचा हा हिशेब कधीतरी जुळवायला हवा.

आमच्या जुन्या गावगाड्याने हा प्रश्न कसा हाताळला होता, ते पाहण्यासारखे आहे. दुष्काळाने, लढाईने गाव ओस पडले की ते पुन्हा वसवायला बाहेरची माणसे लागत. त्यांना कौल दिला जाई. कौल म्हणजे अभय. येऊन राहा, पडीक जमीन फोडा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता. याला इस्तावा म्हणत. शिवाजी महाराजांच्या बालपणी दादोजी कोंडदेवांनी पुणे परगणा असाच वसवला. पेशवाईत पुण्याच्या पेठा वाढल्या त्याही कौलावर. व्यापाऱ्याने यावे, दुकान मांडावे, काही वर्षे पट्टी माफ. म्हणजे ज्या पेठांबद्दल आपण आज बोलतो त्या उपऱ्यांनीच वसवल्या आहेत. गावात जमिनीचा वंशपरंपरा मालक तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. उपऱ्याला गावाच्या कारभारात बोलायचा हक्क नव्हता, जमीन त्याच्या नावावर नव्हती. पण तो चोर नव्हता. त्याची नोंद होती, त्याचा सारा ठरलेला होता, आणि बरीच वर्षे राहून, पैसे भरून, गावाच्या संमतीने त्याला मिरासपत्र मिळवता येई. कोणी उगीच गावाला देवपण देऊ नये, त्या गावगाड्यात महारवाडा वेशीबाहेरच होता. तरी मिरासदार आणि परका यांच्यामध्ये एक तिसरी, नोंदलेली जागा असते, एवढे शहाणपण त्यांच्याकडे होते. आजच्या वादात ती मधली जागाच नाही. एकदम नागरिक, नाही तर एकदम हद्दपार.

ही मधली जागा नसण्याचा फायदा कोणाला होतो, ते पाहा. बिनकागदाचा मजूर मजुरी बुडवली तर तक्रार करत नाही, अपघात झाला तर भरपाई मागत नाही, रविवारची सुट्टी मागत नाही. ठेकेदाराला याहून चांगला माणूस कुठे मिळणार? मग आपल्या गावचा पोरगा त्याच कामाला रास्त मजुरी मागायला गेला की ठेकेदार म्हणतो, तुझ्यापेक्षा कमीत माणूस आहे. ‘ते आमचे काम घेतात’ ही ओरड इथून येते आणि त्यात तथ्य आहे. फक्त काम घेणारा आपल्याला दिसतो, देणारा दिसत नाही. बुधवार पेठेत तेच. भीती हेच तिथले भांडवल. दलाल बाईला सांगतो की पळालीस तर पोलीस पकडतील, तू बांगलादेशी आहेस, पाच वर्षे आत जाशील. आणि तो खोटे बोलत नसतो, हीच तर अडचण. सरकारचा कायदा दलालाच्या दाराची कडी झाला आहे.

किती माणसे आहेत हेही कोणाला धड ठाऊक नाही. २००४ मध्ये केंद्रीय राज्यमंत्र्यांनी संसदेत एक कोटी वीस लाख सांगितले आणि मग हात झटकले. २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यमंत्र्यांनी दोन कोटी सांगितले. आसामात मात्र खरोखर मोजायला बसले, ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी लागली, आणि एकोणीस लाखांवर माणसे बाहेर राहिली. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी कितीतरी निघाले, म्हणून ज्यांनी यादी मागितली होती त्यांनाही ती पटली नाही. मोजणी सोपी नाही, कारण गरिबाकडे कागद नसतो. तो इकडचा असो की तिकडचा.

यातच आपल्या खेड्यांचे मरण आहे, आणि म्हणून हा मजकूर या पानावर. १९९८ च्या जुलैत मुंबईतल्या बंगाली जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून पोलीस कुर्ला-हावडा गाडीने घेऊन निघाले. बंगालात उलुबेरियाला लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडवले, हे आपलेच लोक आहेत म्हणून. त्याला सत्तावीस वर्षे झाली. जून २०२५ मध्ये पुन्हा मुंबईकडून उचललेले मुर्शिदाबाद वगैरे भागातले मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच असल्याचे निघाल्यावर परत आणावे लागले. आज बंगाली बोलतो म्हणून संशय. उद्या? जन्माच्या उशिरा नोंदींचे पाहा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम न्यायालयाकडून महसूल खात्याकडे आले. मालेगावात परक्यांना असे दाखले दिल्याचा आरोप झाला, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने चौकशी पथक नेमले, दाखले देणे थांबवले, मग नियम कडक केले आणि कित्येक दाखले रद्द झाले. खोटे दाखले रद्द व्हावेत, यात वाद नाही. पण ऊसतोडीच्या फडात, कोपीत जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या गावात झाली? पारध्याच्या पालावर जन्मलेल्या पोरीचा दाखला कोण देणार? वडिलांची शाळा सोडल्याचा दाखला आणा, म्हणतात. वडील शाळेत गेलेच नव्हते तर शाळा सोडणार कशी?

म्हणून माझे म्हणणे सरसकट माफी द्या असे मुळीच नाही. एवढ्या लोकसंख्येच्या देशाला तसे करणे परवडणार नाही, आणि नागरिकत्व ही ग्रामपंचायतीच्या घरकुलासारखी वाटायची वस्तू नाही. बनावट पासपोर्ट करणारा, आधार कार्ड छापून देणारा, माणसे विकणारा, यांना काडीची दया नको. हे बरेचदा आपल्याच देशाचे नागरिक असतात, तेव्हा त्यांना हद्दपारही करता येत नाही, तुरुंगच हवा. ज्याच्यावर इथे दुसरा गुन्हा आहे त्याला परत पाठवा. पण विकून आणलेल्या बाईला आरोपी करू नका. ही माफीसुद्धा नव्हे, २०१२ च्या पत्राची अंमलबजावणी आहे. फरासखाना चौकीत आणि जिल्ह्याच्या प्रत्येक ठाण्यात ते पत्र मराठीतून भिंतीवर लावा. तिला घरी जायचे असेल तर सहा-सहा महिने सुधारगृहात कुजवू नका. आणि दहा-पंधरा वर्षे इथे काढलेल्या, परत गेली तर गाव उंबऱ्यात उभे करणार नाही अशा बाईला राहण्याचा परवाना द्या. मत नको, नागरिकत्व नको. नावावर एक खरा कागद, ज्याच्या जोरावर ती घरवालीला ‘निघाले’ म्हणू शकेल. बदल्यात आणणाऱ्याचे नाव घ्या. मग बघा किती दलाल सापडतात ते. आज छाप्यात सापडतात त्याच्या कितीतरी पट.

मजुरांसाठीही कौल असावा, पण एकदाच, आणि तारीख पुढे न सरकणारा. स्वतः होऊन यावे, बोटांचे ठसे द्यावेत, कोणी आणले ते सांगावे, ठरावीक वर्षांचा कामाचा परवाना घ्यावा. त्याचा खर्च ठेकेदाराने भरावा आणि मजुरी इथल्या किमान वेतनाइतकीच द्यावी. तेवढी द्यायची म्हटले की ठेकेदाराला बांगलादेशातून माणूस आणायची गोडी राहणार नाही. तारीख पाळली जाईल का, असे विचाराल तर गुंठेवारीचा अनुभव पाहता मला शंका आहे. म्हणून तर ती मंत्रिमंडळाच्या मर्जीवर न ठेवता संसदेने कायद्यात लिहावी.

मुलांचा प्रश्न सगळ्यात अवघड. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एकजण बेकायदा आलेला असला, तर ते मूल जन्माने भारताचे नागरिक होत नाही. बुधवार पेठेत अशी मुले वाढताहेत. त्यांनी बांगलादेश पाहिलेला नाही, मराठी शाळेत जातात, गणपतीत ढोलामागे नाचतात. बाप कोण ते माहीत नसते, तेव्हा बापाच्या नागरिकत्वाचा पुरावा आणायचा कुठून? शिक्षण हक्काच्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शाळा त्यांना नाकारता येत नाही. पंधराव्या वर्षी काय? पेठेत काम करणाऱ्या ‘वंचित विकास’सारख्या संस्थांनी अशा पेठेतल्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, सांभाळले, शिकवले. संस्था भाकरी देईल, नागरिकत्व कुठून देणार? इथे जन्मून इथेच शाळा शिकलेल्या मुलाला अठराव्या वर्षी अर्ज करण्याचा हक्क कायद्याने द्यावा. आसामात प्रौढांना दहा वर्षे थांबवून दिला, तो इथे मुलांना द्यायला हरकत काय?

दिल्ली करील तेव्हा करील. आपल्या हातातले एक काम आहे. राज्याने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांची नोंद ग्रामसेवकांमार्फत करून ओळखपत्रे द्यायचे ठरवले. तशीच नोंद गावात बाहेरून येऊन राहणाऱ्यांची का नको? ठेकेदार कोण, माणसे किती, कुठली, मजुरी काय, खोली कोणाची, एवढेच. बायका एकट्या आणल्या असतील तर कोणी आणल्या तेही. येत्या ग्रामसभेत विषय मांडा. चाळींचे मालक विरोध करतील, त्यातले दोघेतिघे सदस्यही असतील. रजिस्टर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे ठेवायचे की पोलीस पाटलाकडे, यावर निम्मी सभा खर्ची पडेल, ती पडू द्या. पण पहिल्या पानावर मजुराचे नाव लिहिण्याआधी ठेकेदाराचे लिहून घ्या, मोबाईल नंबरासकट.